उघड्या मुळांची झाडं आली, जमीन मात्र तयार नाही: तोवर ती कशी सांभाळायची

ही अडचण दर हंगामात येते. उघड्या मुळांची, म्हणजे बेअर रूट, झाडं ठरल्या तारखेला येऊन पोचतात आणि नेमकी तेव्हाच जमीन गोठलेली असते, नाहीतर पावसाने चिखल झालेला असतो, नाहीतर खड्डेच खणून व्हायचे असतात. खोकं एका कोपऱ्यात सरकवलं जातं. झाडं सुप्तावस्थेतच आहेत, त्यांना काय होतंय, या भरवशावर दोन आठवडे कुणी उघडून बघत नाही. मग लागवड होते. काही झाडं पालवतच नाहीत. काही पालवतात आणि महिनाभरात माना टाकतात. दोष जमिनीला जातो, खताला जातो, झाडं देणाऱ्याला जातो. पण यातली बरीच झाडं खड्ड्यात उतरण्याआधीच, त्या खोक्यात गेलेली असतात.

थांबल्यामुळे झाड मरत नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्यावं. पानगळीचं झाड सुप्तावस्थेत नीट ठेवलं तर कित्येक आठवडे, व्यवस्थित थंडावा मिळाला तर दोन-तीन महिनेसुद्धा सुखरूप राहतं. ते मरतं चार कारणांनी: मुळं सुकतात, मुळांचा श्वास कोंडतो, मुळं गोठतात, किंवा झाड वेळेआधी जागं होतं. साठवणुकीची प्रत्येक पद्धत या चारांपासून एकाच वेळी बचाव करण्यासाठी आहे. एकाची काळजी घेताना दुसरं हमखास ओढवून घेतलं जातं आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं.

आत नेमकं काय चाललेलं असतं

खोडाला साल असते, ती पाणी धरून ठेवते. मुळांना, विशेषतः दोऱ्याएवढ्या आणि त्याहून बारीक तंतुमुळांना, तसं संरक्षण नसतं. ऊन आणि वारा असेल तर ती काही मिनिटांत सुकतात. एकदा मेलेली तंतुमुळं पाण्यात बुडवून परत जिवंत होत नाहीत; ती फक्त ओली दिसतात. झाडाला मग जाड मुळांतून सगळी नवी तंतुमुळं काढावी लागतात आणि तोवर वर फुटलेल्या पानांना पाणी पुरवायला कुणी नसतं. पालवून महिनाभरात सुकणाऱ्या झाडांमागे बहुधा हेच असतं: फुटवा आला तो खोडात साठलेल्या पाण्यावर आणि अन्नावर, मुळांच्या जोरावर नाही.

सुकू नये म्हणून लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि झाडं बादलीत उभी करून ठेवतात. सुप्तावस्थेतही मुळं श्वास घेत असतात. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन हवेच्या मानाने हजारो पटींनी सावकाश पसरतो, म्हणून मुळांभोवतीचा साठा संपला की तो भरून निघत नाही. एक रात्र चालते. चोवीस तास ही शेवटची हद्द समजावी. आठवडाभर बादलीत ठेवलेल्या झाडाची मुळं कुजायला लागलेली असतात, वरून ती टवटवीत दिसत असली तरी.

तापमानाचा परिणाम दोन बाजूंनी होतो. ते साधारण १० अंश सेल्सिअसने वाढलं की श्वसनाचा वेग दुपटीच्या आसपास जातो, आणि नवी मुळं-पालवी फोडायला राखून ठेवलेलं पिठूळ अन्न झाड त्याच वेगाने जाळतं. दुसरी बाजू अधिक फसवी आहे. सफरचंद, नाशपाती, पीच, प्लम, चेरी या झाडांना जागं होण्याआधी ठरावीक तासांची थंडी लागते. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना ७ अंशांखालचे ८०० ते १००० तास, कमी थंडीच्या जातींना त्याहून बरेच कमी. हा कोटा पूर्ण होईपर्यंत झाड थोड्या उबेला दाद देत नाही. कोटा पूर्ण झाला की मात्र फक्त उबेचीच वाट असते. त्यामुळे हिवाळ्याच्या सुरुवातीला १० अंशांच्या तळघरात निवांत राहिलेलं झाड हिवाळा सरताना त्याच तळघरात दोन-तीन आठवड्यांत डोळे, म्हणजे फांदीवरचे सुप्त अंकुर, फोडतं. मागच्या खेपेला त्याच जागी काही झालं नव्हतं, हा पुरावा म्हणून धरू नये. आधी महिना बघावा.

गोठण्याचंही तसंच. ज्या झाडाचं खोड उणे २० अंश सहज सोसतं, त्याच झाडाची मुळं उणे ५ ते उणे १० अंशांच्या दरम्यान मरू शकतात. जमिनीत असताना त्यांना मातीचं पांघरूण असतं. उघड्या पडवीत ठेवलेल्या खोक्यात ते नसतं.

झाडं आल्यावरचा पहिला तास

खोकं त्याच दिवशी उघडा. लावायची नसली तरी उघडा. जागा सावलीची आणि वारा नसलेली हवी, आणि उघडण्याआधीच ओलं गोणपाट व पाण्याची झारी हाताशी असावी. एक जुडी बघेपर्यंत बाकीच्या गोणपाटाखाली राहू द्या.

तपासणी अशी. बोटाएवढ्या जाडीच्या मुळाची वरची साल नखाने हलकेच खरवडा. आत पांढरं किंवा मलईच्या रंगाचं, घट्ट आणि ओलसर दिसलं तर मूळ जिवंत आहे. तपकिरी, लिबलिबीत, आणि बोटांनी ओढल्यावर बाहेरची साल नळीसारखी निघून आत नुसती तार उरत असेल तर ते कुजलं आहे. राखाडी, कोरडं आणि वाकवल्यावर कट् करून मोडत असेल तर सुकलं आहे. मुळांचा रंग बाहेरून जातीजातीत वेगळा असतो, काहींची मुळं मुळातच काळपट असतात, म्हणून बाहेरच्या रंगावर निकाल देऊ नका; खरवडून बघा. खोडावरही एक-दोन ठिकाणी नखभर खरवडा. सालीखाली हिरवं आणि ओलं हवं. वास घ्या: ओल्या मातीचा वास ठीक, आंबूस किंवा सडका वास वाईट.

जुड्यांची सुतळी सोडा. हे काम टाळलं जातं आणि ते महागात पडतं. घट्ट बांधलेल्या जुडीच्या मधोमध ना माती पोचते ना भुसा; तिथे हवेची पोकळी राहते आणि मधली झाडं सुकतात, कडेची मात्र ठणठणीत असतात. लागवडीनंतर दहांपैकी दोन-तीनच झाडं का गेली याचं उत्तर बऱ्याचदा या मधल्या पोकळीत असतं.

तुटलेली, चिरफळलेली मुळं धारदार कात्रीने निरोगी भागापर्यंत कापून टाका, कारण फाटक्या टोकापासून कूज सुरू होते. बाकी छाटणी आता नको. मुळं लांब आहेत म्हणून कापणं, फांद्या आकारात आणणं, हे सगळं लागवडीच्या दिवशी.

मुळं येतानाच ओलसर असतील तर भिजवण्याची गरज नाही, झारीने ओली करणं पुरतं. कोरडी वाटली तर २ ते ६ तास साध्या पाण्यात ठेवा, मग निथळू द्या. पाण्यात खत किंवा साखर असलं काही घालू नका. सुप्त मुळांना त्याचा उपयोग नाही आणि बुरशीला आहे. शेवटी नावाच्या चिठ्ठ्या. कागद ओलाव्यात विरतो, शाई उडते. प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं टिकतं. पट्टी खोडाला सैल बांधा.

कुठली पद्धत घ्यायची

दोन-तीन दिवस ते जास्तीत जास्त आठवडा थांबायचं असेल, आणि १ ते ५ अंशांची अंधारी जागा असेल, तर आलेल्या वेष्टनातच ठेवलेलं चालतं. मुळांभोवतीचं भरण ओलं करून वेष्टन परत बंद करायचं. आठवड्याच्या पुढे गेलं आणि जमीन कुठेतरी खणता येत असेल तर चर. जमीन पूर्ण गोठली किंवा पाण्याखाली असेल तर ओल्या भुशाची पेटी, थंड खोलीत. झाडं जागी व्हायला लागली असतील, किंवा थांबणं महिन्यांचं असेल, तर कुंडी किंवा खडीचा वाफा.

थांबण्याचा अंदाज करताना सगळ्यात वाईट शक्यता धरा. पुढच्या रविवारी वाफसा येईल, म्हणजे माती खणण्याजोगी सुकेल, या आशेवर वेष्टनात ठेवलेली झाडं पुढच्या तीन रविवारांपर्यंत तिथेच राहतात. अर्ध्यात पद्धत बदलणं म्हणजे मुळं पुन्हा उघडी करणं, आणि प्रत्येक वेळी थोडी तंतुमुळं कमी होतात. म्हणून पहिल्याच दिवशी लांबची तयारी केलेली बरी.

चर: सगळ्यात भरवशाची पद्धत

जमीन खणता येत असेल तर आमचं मत सरळ चराच्या बाजूने आहे. माती ओलावा आणि तापमान दोन्ही आपोआप सांभाळते, रोज लक्ष ठेवावं लागत नाही.

जागा निचऱ्याची हवी. सखल कोपरा, पन्हाळीखालची जागा, कुंपणालगतचा पाणी झिरपणारा पट्टा टाळा. खात्री नसेल तर ३० सेंटिमीटर खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी असेल तर ती जागा सोडा. इमारतीच्या सावलीची बाजू उत्तम: तिथे जमीन उशिरा तापते आणि झाडं उशिरा जागी होतात. भाजीचा रिकामा वाफा, भुसभुशीत मातीचा, असला तर नवं काही खणायला नको. आजूबाजूला चिखल असेल तर उंच वाफ्यातली माती बहुधा वापरण्याजोगी असते.

दहा झाडांना साधारण दीड-दोन मीटर लांब, ४०-४५ सेंटिमीटर रुंद आणि ४०-५० सेंटिमीटर खोल चर पुरतो. एक भिंत उभी, दुसरी ४५ अंशांच्या उताराची. झाडं उतारावर तिरकी टेकवा. तिरकी का, तर वारा कमी लागतो, मुळं हलत नाहीत आणि मुळांवर माती लोटणं सोपं जातं. दिशाही महत्त्वाची आहे: शेंडे दुपारच्या सूर्याकडे कलते ठेवा, म्हणजे किरणं खोडाच्या लांबीला समांतर सरकतात, पातळ सालीवर आडवी बसत नाहीत. हिवाळ्यात दिवसा तापून रात्री गोठणारी साल चिरते, तो धोका यामुळे कमी होतो.

झाडं एकमेकांना खेटून चालतील, पण मुळांचे गुंते मोकळे असू द्या. मुळांवर बारीक, भुरभुरीत मातीचा १०-१५ सेंटिमीटर थर टाका. एकेका झाडाला खोडाशी धरून वरखाली हलकेच हलवा, माती मुळांच्या मधे उतरेल. मग चराच्या दर मीटरला ५ ते ७ लिटर पाणी सोडा. पाणी जिरताना पोकळ्या भरतात आणि माती खाली बसते. तिथे परत माती टाका. वरचा थर असा असावा की सगळ्यात वरच्या मुळावर किमान १० सेंटिमीटर माती राहील. पाऊल टाकून तुडवू नका, तळहाताने दाबणं पुरतं. चिखलाचे ढेकूळ वापरू नका, त्यांच्यामधली फट म्हणजे मुळांना उघडं ठेवण्यासारखंच. माती जड असेल तर तिच्यात निम्मी रेती मिसळा.

कलमाचा जोड मातीबाहेर असलेला बरा, पण तिरकं टेकवताना तो थोडा झाकला गेला तरी काही आठवड्यांत बिघडत नाही. कडाक्याची थंडी येणार असेल तर मातीवर पेंढ्याचं किंवा सुक्या पानांचं १५-२० सेंटिमीटर आच्छादन घाला. ते खोडापासून चार बोटं लांब ठेवा. पेंढा खोडाला भिडला की उंदीर त्यात घर करतात आणि आतल्या आत साल कुरतडतात. वर्तुळाकार साल गेली की झाड गेलं. उंदरांचा उपद्रव असेल तर खोडाभोवती बारीक जाळी गुंडाळा आणि तिचं खालचं टोक मातीत दाबा.

पाणी नंतर फार लागत नाही. आठवड्यातून एकदा बोट दोन पेरं खुपसून बघा. कोरडं लागलं तरच पाणी.

भुशाची पेटी आणि थंड खोली

इथे तुम्हालाच जमिनीचं काम करावं लागतं, म्हणून लक्ष जास्त. तापमान १ ते ३ अंश, हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास, अंधार. सुप्त झाडाला उजेडाची गरज नसते, उन्हाने फक्त उब मिळते. उब नसलेली पडवी, तळघर, गोदाम चालतं, पण आत तापमापक लावून दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान दोन्ही बघा. दुपारी १२ अंश आणि पहाटे उणे ४ अशी जागा, तिची सरासरी कितीही छान असली तरी, कामाची नाही.

भरणासाठी जुना लाकडी भुसा, बारीक ढलप्या, कोकोपीट, पीट किंवा फाडलेला कागद, काहीही चालतं. रसायन लावलेल्या लाकडाचा किंवा काळ्या अक्रोडाचा भुसा नको. त्या अक्रोडात इतर झाडांना घातक द्रव्य असतं. ताज्या भुशाचा मोठा ढीग ओला केला की आतून तापतो, तो टाळा. ओलावा किती, तर मूठभर भुसा जोरात पिळल्यावर बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. धार लागली तर जास्त झालं, गोळा विस्कटला तर कमी.

पेटीच्या तळाला १० सेंटिमीटर भुसा, त्यावर मोकळी केलेली मुळं, मग मुळांच्या मधे हाताने भुसा सारत वरपर्यंत. तळाला भोकं हवीत, नाहीतर खालची मुळं पाण्यात राहतात आणि वरून काही कळत नाही. प्लास्टिकने फक्त मुळांचा भाग गुंडाळा, तोही सैल, चार-सहा छिद्रं पाडून. खोडंही सुकत असतील तर वरून ओलं गोणपाट. मोजक्या झाडांसाठी एक पक्की पद्धत आहे: पिशवीत भरलेली जुडी पहिल्या दिवशी काट्यावर तोला आणि आकडा लिहून ठेवा. दर आठवड्याला परत तोला. जितके ग्रॅम घटले, तितकं मिलिलिटर पाणी झारीने द्या. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हे कितीतरी खरं.

शीतपेटीत किंवा शीतगृहात ठेवत असाल तर आत काय आहे ते आधी बघा. पिकणारं सफरचंद, नाशपाती, केळं, टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. बंद जागेत तो साठतो आणि सुप्त डोळ्यांना इजा करतो. झाड हिरवं राहतं, पण डोळे फुटत नाहीत. इंजिनाच्या धुरातही इथिलीन असतं, म्हणून चालू गाडीच्या शेजारची जागा नको. शिवाय आपोआप बर्फ वितळवणाऱ्या शीतपेटीतली हवा फार कोरडी असते, तिथे मुळांबरोबर खोडही झाकावं लागतं.

सदाहरित सूचिपर्णी झाडं या पद्धतीत लांब ठेवू नका. त्यांची पानं बाष्प सोडतच असतात आणि दाटीत ठेवली की आतून तापून पिवळी पडतात. व्यावसायिक रोपवाटिका त्यांची रोपं उणे २ अंशांच्या आसपास गोठवून महिनोन्‌महिने ठेवतात, पण त्यासाठी तापमान अर्ध्या-एक अंशात धरणारी यंत्रणा लागते. घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांत, कुठलंही झाड ठेवायचं नाही.

कुंडी आणि खडीचा वाफा

डोळे हलायला लागले असतील तर कुंडीच योग्य. एक-दोन वर्षांच्या फळझाडाला १५ ते २० लिटरची कुंडी, त्यात निचऱ्याचं हलकं मिश्रण; बागेतली जड माती कुंडीत दगडासारखी बसते. एक नियम मात्र पाळा. कुंडीत लावल्यावर नव्या मुळ्या फुटण्याआधी, म्हणजे डोळे नुसते फुगलेले असतानाच, जमिनीत हलवा. ते जमलं नाही तर मुळांनी माती पूर्ण धरेपर्यंत, साधारण आठ-दहा आठवडे, थांबा. मधल्या काळात नव्या पांढऱ्या मुळ्या बोटभर लांब आणि काचेसारख्या ठिसूळ असतात. कुंडी उपडी केली की माती ढासळते आणि त्या सगळ्या तुटतात.

खूप झाडं असतील आणि लागवड हंगामाच्या दुसऱ्या टोकाला ढकलायची असेल तर खडीचा वाफा विचारात घ्या. ही पद्धत अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात विकसित झाली. ४० सेंटिमीटर खोलीची लाकडी चौकट, तळाला मोकळा निचरा, आत ८-१० मिलिमीटरची गोल खडी आणि तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास रेती. पाणी टायमरवर, दिवसातून अनेकदा, थोडं थोडं. खडी पाणी धरत नाही, त्यामुळे एक दिवस पाणी चुकलं तरी उन्हात सगळं जाऊ शकतं. पण मुळांना हवा भरपूर मिळते, तंतुमुळांचा झुपका तयार होतो, आणि काढताना खडी आपोआप गळून पडते. म्हणून पानं असलेलं झाडही तिथून उघड्या मुळांनी हलवता येतं. ओक आणि अक्रोडवर्गीय झाडं या बाबतीत कमी प्रतिसाद देतात.

लक्षण दिसलं, आता काय

सालीवर उभ्या सुरकुत्या पडल्या असतील तर झाडाने पाणी गमावलं आहे. आधी नखाने खरवडा. हिरवं असेल तर मुळं रात्रभर पाण्यात ठेवा, आणि मग संपूर्ण झाड, शेंड्यासकट, चरात आडवं झोपवून ओल्या मातीने किंवा भुशाने तीन-चार दिवस झाका. साल बाहेरूनही थोडं पाणी ओढून घेते. सुरकुत्या भरून आल्या तर झाड लावण्याजोगं आहे. खरवडल्यावर आत तपकिरी असेल तर कुठलाच उपाय उरलेला नाही. ते झाड बाजूला काढा, त्याच्या जागेत खत-पाणी घालत राहू नका.

मुळांवर पांढरी किंवा राखाडी बुरशी दिसली की लोक औषधाकडे धावतात. आधी तापमापक बघा. बुरशी वाढते कारण जागा ५-६ अंशांच्या वर गेली आहे, किंवा हवा कोंडली आहे, किंवा भरण चिंब आहे. झाडं बाहेर काढा, मुळं साध्या पाण्याने धुवा, मऊ पडलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापा, भरण पूर्ण बदला आणि जागा थंड करा. बुरशी नुसती भुशावर किंवा वेष्टनावर असेल आणि मूळ खरवडल्यावर पांढरं निघत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, धुणं पुरतं. खोडाच्या जोडाशी काळी मऊ चकती दिसली तर मात्र ते झाड इतरांपासून लगेच वेगळं करा.

डोळे फुगले पण उघडले नाहीत, तर अजून वेळ आहे. १-२ अंशांत हलवलं की वाढ मंदावते. डोळे उघडून हिरवं टोक दिसलं की थंडीत परत टाकणं धोक्याचं. तो कोवळा भाग हिमाने जळतो. त्याला कुंडीत घ्या आणि सावलीत, थंड पण न गोठणाऱ्या जागी ठेवा. अंधारात फुटलेले फिकट पिवळे, लांबट कोंब असतील तर थेट उन्हात काढू नका, आठवडा-दहा दिवस सावलीत सरावू द्या. फार लांब झाले असतील तर खालच्या डोळ्यापर्यंत छाटा. झाडाकडे राखीव डोळे असतात. पीच, जर्दाळू, बदाम सगळ्यात आधी जागे होतात, म्हणून अनेक जाती एकत्र असतील तेव्हा तपासणी त्यांच्यापासून सुरू करा आणि वाफसा आल्यावर लागवडही त्यांचीच आधी करा.

खोकं गोठलेलं आलं तर उघडू नका, जुड्या ओढून सोडवू नका. गोठलेली मुळं वाकवली की तुटतात. २ ते ४ अंशांच्या अंधाऱ्या जागी, आहे त्या वेष्टनात, एक-दोन दिवसांत सावकाश वितळू द्या. गरम खोली, गरम पाणी, ऊन यांपैकी काहीही नको. वितळल्यावर खरवडून बघा. मेलेलं मूळ एक-दोन दिवसांत आतून पाणचट आणि तपकिरी होतं, तेव्हा निर्णय लगेच न घेता दोन दिवसांनी घ्या.

आता सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार. साल हिरवी, मुळं घट्ट, झाड लावून महिना झाला आणि डोळे ढिम्म. याची दोन-तीन कारणं असतात. थंडीचा कोटा अपुरा राहिला असेल. इथिलीन लागला असेल. किंवा झाड मुळातच उशिरा जागं होणारं असेल. ओक, बर्च, हॉथॉर्न यांना लागवडीआधी घामवावं लागतं. मुळं आणि खोड पूर्ण ओलं करून झाडं सावलीत आडवी रचा, खाली-वर ओला भुसा किंवा गोणपाट, त्यावर प्लास्टिक, आतलं तापमान १० ते २० अंश. रोज उघडून बघा. डोळे फुगून हिरवी चीर दिसली की त्याच दिवशी लावा, एक दिवस जास्त झाला तरी कोंब वाढून मोडायला लागतात.

संपूर्ण साठ्याबद्दलच शंका असेल तर एक-दोन झाडं चाचणीसाठी खर्ची घाला. कुंडीत लावून २० अंशांच्या आसपास ठेवा, पाणी द्या, आणि दोन आठवड्यांनी माती धुवून मुळं बघा. पांढरी नवी टोकं भरपूर असतील तर साठा चांगला. एकही नसेल तर उरलेली झाडं लावण्यात मेहनत घालण्याआधी विचार करा.

जमीन तयार झाल्यावर

वाफसा आला का ते खड्ड्याच्या खोलीवर, ३० सेंटिमीटर खालची माती घेऊन बघा. वरची दोन इंच सुकलेली असतात आणि फसवतात. मुठीत दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. भुरभुरत फुटला तर लावा. अंगठ्याचा ठसा चकचकीत उमटला तर अजून थांबा. ओल्या चिकण मातीत फावडं मारलं की खड्ड्याच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळं त्यातून बाहेर जाऊ शकत नाहीत आणि खड्ड्यात पाणी साचतं. नीट साठवलेलं झाड आठवडाभर अजून थांबेल. घोटलेला खड्डा मात्र पुढे वर्षानुवर्षं त्रास देतो. मातीचं तापमान ५ ते ७ अंशांवर गेलं असेल तर उत्तम, कारण नव्या मुळ्या साधारण तिथपासून चालू लागतात.

झाडं चरातून किंवा पेटीतून उपटून काढू नका. चराची उभी भिंत खणून मोकळी करा आणि झाड मातीसकट उचला. एका वेळी तासाभरात लावता येतील तेवढीच बाहेर काढा. बाकीची झाकलेली राहू द्या. शेतावर नेताना मुळं बादलीत न ठेवता ओल्या गोणपाटात गुंडाळा, किंवा माती आणि पाण्याच्या पातळ राबडीत बुडवून काढा. तो थर मुळांवर बसतो आणि खड्ड्यात उतरेपर्यंत वारा लागू देत नाही. साठवणीत कोरडी पडलेली झाडं लावण्याआधी १ ते २ तास भिजवा. मुळाची वाकडी टोकं आणि लांब सोट आता छाटा, फांद्याही आता. आणि पेटीत जागी होऊ लागलेल्या झाडांना लागवडीनंतर पहिले दोन आठवडे आडोसा आणि सावली द्या, कारण त्यांची पानं मुळांच्या पुढे गेलेली असतात.